तिसऱ्या ओळीतला एक

कोल्हार,
बुधवार, दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. दिपाली,

मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. आजकाल पोस्टमन दारात आला की तुझी मामी आधी त्याला पाणी विचारते आणि मग ‘कशाची नोटीस?’ म्हणून विचारते. तुझं अक्षर पाहून तिचा जीव भांड्यात पडला. सख्ख्या मामाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र, वर जावक क्रमांक आणि खाली ‘आपली नम्र’, याची गंमत वाटली. पण मुख्याध्यापकांना फाईल दाखवावी लागते हे मला माहीत आहे. बत्तीस वर्षं मीही तेच केलं.

इकडे सर्व ठीक. नदीला पाणी सोडलंय, त्यामुळे गावातले निम्मे लोक पुलावर उभे असतात. दारातल्या पेरूला यंदा बरी फळं धरली आहेत, ती आधी माकडं खातात की आम्ही, एवढीच चुरस आहे. निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं, पण मला रिकामं बसता येत नाही. परवा मामी पोळ्या लाटत होती आणि मी त्या मोजत होतो, तर तिनं मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं.

गुडघे तसेच. वाकणं होत नाही. त्यामुळे तुझ्या पाया पडणं यंदाही राहणार. भाचीच्या पाया न पडणारा मामा आपल्या पाथर्डीकडे शोधून सापडायचा नाही, पण हाडांपुढे इलाज नाही. आशीर्वादावर भागव.

आता तुझ्या निमंत्रणाचं. २९ तारखेला क्रीडा दिनाला सोनईला तुझ्या शाळेच्या मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने आहेत, उद्घाटनाला मी यावं आणि स्कोअर कसा लिहितात ते मुलींना सांगावं, असं तू लिहिलंस. मैदानाच्या भिंतीवर मुलींनी ‘पाहिले तसे लिहिले’ हे माझं वाक्य निळ्या रंगात रंगवलंय असंही लिहिलंस. प्रत्येक स्कोअरशीटच्या तळाशी, सहीच्या वर, मी ते वाक्य लिहायचो हे खरं. पण ती सवय होती, सुविचार नव्हता. जमलं तर पुसून टाका आणि ‘पाणी जपून वापरा’ असं काहीतरी उपयोगाचं लिहा.

मी येईन. शाल-नारळ मात्र नको. मला सत्काराच्या खुर्चीत घाम येतो.

आणखी एक. नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी तू त्यांना तुझी गोष्ट सांगतेस म्हणे. अकरावीत तू कॅप्टन होतीस, कोण कितव्या क्रमाला खेळणार त्या लाइनअपच्या चिठ्ठीत नंबर चुकवलास, आणि तुझ्या एका चुकीनं बारा जणींचा सामना गेला, म्हणून चिठ्ठी लिहिली की तीनदा वाचा. दिपाली, ती गोष्ट आता बंद कर. लहान मुलींच्या मनात उगाच भीती बसते. खेळ म्हटला की चुका व्हायच्याच. आणि आठ वर्षांपूर्वीचं कोणाला काय नक्की आठवतं?

शनिवारी राखीला तुझ्या आईकडे जाणार आहे. काही निरोप असेल तर कळव.

तुझा,
सहादेव मामा


कोल्हार,
मंगळवार, दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. दिपाली,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरून नव्हे.

मागचं पत्र फाडून टाक. त्यात गुडघ्यांचं लिहिलं ते खोटं आहे. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मी रोज सकाळी पुलापर्यंत चालत जातो आणि मांडी घालून जेवतो. आठ वर्षं मी तुझ्या पाया पडत नाही, त्याचं कारण गुडघ्यात नाही. आणि ‘कोणाला काय नक्की आठवतं’ असं मी विचारलं होतं. मला आठवतं. सगळंच आठवतं.

हे सांगायला तुला तीन वेळा फोन केला. पहिल्या वेळी सोनईला पाऊस किती झाला ते विचारलं. दुसऱ्या वेळी कांद्याला भाव काय ते विचारलं, जणू मी व्यापारीच. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, “मामा, काही काम होतं का?” मी म्हणालो, “नाही, चुकून लागला.” तोंडानं हे माझ्याच्यानं होणार नाही. शिवाय पाकिटातून एक कागद पाठवायचा आहे, तो फोनवरून गेला नसता.

राखीला तुझ्या आईकडे गेलो होतो. जेवण झालं, तिनं अंगणात लिंबाखाली बाज टाकून दिली. समोर वळणीवर धुतलेल्या गोधड्या वाळत होत्या. एका गोधडीच्या मधोमध पिवळ्या कापडाचा तुकडा होता आणि त्यावर लाल ऑइलपेंटचा आकडा. मी पडल्या पडल्या विचारलं, “रंगू, हा नऊ कुणाचा गं?”

ती ताटं घासत होती. म्हणाली, “नऊ न्हाई दादा, एक हाय त्यो. दिपीची जर्सी. टाकून देऊ म्हनलं तर टाकवंना, मग गोधडीत घातली.”

मी उठून जवळ गेलो. एकच होता. मराठी एक. दहा पावलांवरून मला पुन्हा एकदा इंग्रजी 9 दिसला होता. मी त्या गोधडीपाशी उभा राहिलो, तर रंगू ताटं विसळता विसळता बोलत होती, “पोरगी अजून म्हनती, माझ्यापायी गेली मॅच. टीममधल्या निकिताच्या लग्नात गेल्ती, तर तिच्याकडं वर मान करून बघितलं न्हाई तिनं. दादा, तू समजाव की तिला. मामाचं लई ऐकती ती.”

मी बरं म्हणालो. मुक्कामाला राहायचं ठरलं होतं, पण चारची गाडी धरून परत आलो. तेव्हापासून दहा दिवस रोज पत्र लिहायला बसतो. आज लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

पहिल्यापासून सांगतो. तुला तुझ्या बाजूचं माहीत आहे, माझ्या बाजूचं माहीत नाही.

मला खेळात कधीच गती नव्हती. चेंडू आला की मी डोळे मिटायचो. पण अक्षर चांगलं आणि गणिताचा मास्तर, म्हणून मला जिल्ह्याच्या स्पर्धांना स्कोअर लिहायला बसवायला लागले. हळूहळू नाव झालं. सहादेव सरांच्या शीटवर खाडाखोड नसते, असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकायला टेबलाशी जरा जास्त वेळ बसून राहायचो. तुमचा सामना झाला तेव्हा मला या कामाला पंधरा वर्षं झाली होती.

आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. फायनलला पोचल्याचं सांगताना तुझा आवाज चिरकत होता. तू म्हणालीस, “मामा, जिंकलो तर विभागाला जायचं. संस्था म्हनली, विभागाला गेलेल्या पोरींची सोय हंगामभर शाळेतच करू. म्हंजी यंदा कुनालाच कोयत्यावर जायला नको.” बारा मुली, आणि बाराजणींचे आई-बाप दसरा झाला की ऊस तोडायला निघणार. मी सगळं ऐकलं आणि तुला काय म्हणालो? म्हणालो, “हे बघ, उद्या मैदानावर मी तुझा मामा नाही. मला सर म्हणायचं. लोक नावं ठेवतील असं काही करू नकोस.”

तू सकाळी टेबलाशी आलीस. फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यासमोर ठेवलीस, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणालीस, “सर, हे तुमचं. आईनं दिलंय.” एवढी आज्ञाधारक पोर. मला हसूही आलं होतं तेव्हा.

तू गेलीस आणि संगमनेरच्या टीमचे अमृत सर शेजारी येऊन बसले. म्हणाले, “सर, मुलगी नात्यातली का?” त्यांनी सहज विचारलं होतं. मी म्हणालो, “नाही हो. आमच्या गावाकडची आहे.” भाचीचं नातं मी दोन शब्दांत झटकून टाकलं, आणि समोर तिच्या आईच्या हातच्या भाकरी.

मग तुमची लाइनअपची चिठ्ठी आली. तुमच्या बजरंग सरांना मराठी शिकवता शिकवता खेळाचा तास गळ्यात पडलेला, म्हणून चिठ्ठी तू लिहायचीस. नावाच्या रकान्यात नुसती आडनावं, त्यात सात जणी पालवे. म्हणजे नावावरून कोण कुठली ते कळायची सोय नाही, नंबरावरच भरवसा. आणि नंबर मराठीत. जर्सीवरही मराठीतच, कारण ते भीमा पेंटरनं रंगवले होते आणि तो उसाच्या ट्रॉल्या रंगवणारा माणूस. माझं स्कोअरशीट छापील, त्यात नंबर इंग्रजीत लिहायचे. मी भराभर उतरवून काढले. तिसऱ्या ओळीत तू १ लिहिला होतास. मी इंग्रजी 9 वाचला आणि 9 लिहिला. सहाव्या ओळीत निकिताचा ९ आला. आता नऊ तर वर लिहून झालेला, म्हणजे हा 1 असणार, असं म्हणून मी तिथं 1 लिहिला. चिठ्ठी पॅडखाली सारली. अमृत सरांनी माझ्या शीटवरून त्यांची नक्कल करून घेतली.

चूक एवढीच. कोणाच्याही हातून होईल. ती सांगायला मला आठ वर्षं लागली नसती.

पहिल्याच डावात तिसऱ्या क्रमाला तू बॅट घेऊन आलीस, पाठीवर १. माझ्या शीटवर तिथं 9. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आता नियम असा आहे, आणि तो तू तुझ्या मुलींना शिकवतच असशील, की खेळाडू चुकीच्या क्रमानं खेळायला आली तर स्कोअर लिहिणाऱ्यानं ब्र काढायचा नाही. तक्रार करायची तर समोरच्या टीमनं, आणि ती खरी ठरली तर तो फटका रद्द आणि एक बाद. मी गप्प बसलो. मला वाटलं, पोरींनी घोळ घातला. घोळ माझाही असू शकतो, पॅड उचलून चिठ्ठी एकदा बघावी, हे मनातसुद्धा आलं नाही. उलट माझी भाची चुकते आहे आणि तरी मी नियम पाळतो आहे, याचं मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दिपाली, सहा डाव मी स्वतःचं कौतुक करत बसलो होतो.

अमृत सरांच्याही लक्षात आलं होतं. पण तोवर तू आणि निकिता प्रत्येक वेळी बाद झालात, मग ते कशाला बोलतील? ते थांबले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, खेळ तसाच खेळतात.

शेवटचा डाव तुला सांगायला नको. तुम्ही ५–४ नी मागे. दोन बाद. दोन मुली बेसवर, आणि तू आलीस. दुसऱ्या चेंडूला तू तो असा मारलास की मधल्या आणि डावीकडच्या दोन्ही मुली नुसत्या बघत राहिल्या. दोघी पळत होम प्लेटवर आल्या. तुमच्या पोरी मैदानात घुसल्या, बजरंग सर चपला सोडून धावत आले. मी पेन्सिल उचलली होती.

आणि अमृत सर पंचांकडे चालत गेले.

पंच टेबलाशी आले, मागोमाग सगळे. “तिसऱ्या क्रमाला कोण आहे, सर?”

मी शीट बघून म्हणालो, “नऊ.”

“ही तर एक नंबर आहे,” पंच म्हणाले. “मूळ चिठ्ठीशी जुळतंय का बघा.”

मी पॅड उचललं. खाली तुझी चिठ्ठी. तिसऱ्या ओळीत तुझ्या हातचा एक. पोरी, तो एक मी तुला शिकवला होता. तू पाच वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी, तुमच्याच ओसरीवर पाटी घेऊन तुझा हात धरून गिरवून घेतला होता. डोकं आधी, शेपूट मग, आणि शेपटीला घाई नाही. बारा वर्षांनंतरही तू तो तसाच काढत होतीस. बघताक्षणी मला सगळं कळलं. चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि सामना तुम्ही जिंकला होता.

मला दोन श्वासांइतका वेळ मिळाला. तेवढ्यात केवढं मनात येतं. नातं नाही म्हणून सांगून बसलोय. भाकरीचं फडकं टेबलावर आहे, ते सगळ्यांनी पाहिलंय. आता चूक माझी म्हणालो तर सामना भाचीला जातो, आणि उद्या जिल्हाभर होईल की मामानं भाचीला जिंकवलं. बरेच दिवस मी स्वतःला हेच कारण सांगत होतो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की गणिताच्या मास्तराला एक आणि नऊ ओळखता आले नाहीत हे पन्नास माणसांसमोर माझ्या तोंडून निघेना.

मी पॅड खाली ठेवलं आणि म्हणालो, “जुळतं.”

बजरंग सर म्हणाले, “अहो, सकाळधरनं ह्याच क्रमानं खेळत्यात पोरी. असं कसं हुईल?” मग तुझ्याकडे वळून, “दिपाली, चिठ्ठी तूच लिव्हली हुती ना गं?”

तू म्हणालीस, “व्हय सर.” आणि मग माझ्याकडे वळलीस. “सर, तुमी सांगा ना. तुमी बघितली ना चिठ्ठी.”

सर म्हणालीस. त्या गडबडीतही मी बजावलेलं पाळलंस. मामा म्हणाली असतीस तर कदाचित मी... नाही. हे लिहिणं म्हणजे पुन्हा तुझ्यावर ढकलणं झालं. हे वाक्य खोडलं असं समज.

मी वर बघितलं नाही. पेन्सिलीला टोक करत राहिलो. टोक चांगलं होतं. पंचांनी तिसरी बाद दिली, दोन्ही रन रद्द, सामना ५–४ नी संगमनेरला. माझ्या कानावर तुझा आवाज आला, तू निकिताला सांगत होतीस, “माझंच चुकलं असंल गं. माझ्याच हातून लिव्हताना झालं असंल.” मग मी शीट पूर्ण केलं, तळाशी ‘पाहिले तसे लिहिले’ लिहिलं आणि सही केली. अक्षर जराही हललं नाही. चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली. भाकरी तशाच घरी आणल्या. मामीनं विचारलं तेव्हा म्हणालो, वेळच मिळाला नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दसऱ्यानंतर ट्रक आले. निकिता त्या हंगामाला कोयत्यावर गेली ती परत वर्गात बसली नाही. बाकीच्यांतल्या किती परतल्या ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. बजरंग सरांनी चिठ्ठी आपण तपासायला हवी होती म्हणून टीमच सोडून दिली. आणि तुला मी बारावीला कोल्हारला आणलं. तुझी आई आजही गावभर सांगते की माझ्या भावानं पोरीला कोयत्यातनं सोडवलं. तू बी.पी.एड. झालीस तेव्हा भाषणात म्हणालीस की मामा नसता तर मी नसते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लोक वळून बघत होते आणि मी मान खाली घातली, तर त्यांना वाटलं हा माणूस किती नम्र आहे.

वर्षभर तू माझ्या घरी ज्या टेबलावर अभ्यास करायचीस, त्याच्या वरच्या फळीवर लॉगच्या तक्त्यांचं जुनं पुस्तक होतं. चिठ्ठी त्यात होती. तू एकदा ते पुस्तक काढायला हात वर केलास आणि मी ओरडलो, फाटेल ते, ठेव. तू दचकलीस. त्या दिवशी मी तुला श्रीखंड आणलं होतं, आठवतं का? ते त्या ओरडण्याचं होतं.

सामना झाला त्याच वर्षीच्या दिवाळीला मी तुझ्या पाया पडायला वाकणार होतो. तू नेहमीसारखी लाजून पाय मागे घेतलेस आणि मला वाटलं, हिला कळलंय. तुला काही कळलेलं नव्हतं. पण मला वाकवेना. तेव्हा गुडघा धरून खाली बसलो, मामी तेल घेऊन आली, आणि तेच पुढे चालू राहिलं. आठ वर्षं ती बिचारी माझ्या धडधाकट गुडघ्यांना तेल लावते आहे.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग तिनं एवढंच विचारलं, “आन् निकिता?” आणि ती ताट घेऊन आत गेली. दुपारचं जेवण वाढलं, पण पाणी मीच घेतलं.

पाकिटात घडी केलेला कागद आहे. तीच चिठ्ठी. तिसरी ओळ बघ. तुझा एक बरोबर आहे. सहावी बघ, निकिताचा नऊ बरोबर आहे. बाराच्या बारा ओळी मी कितीतरी वेळा तपासल्या आहेत, तुझ्या हातून कुठंही काही चुकलेलं नाही. हा कागद आता तुझा. कोणाला दाखवायचा, कोणाला नाही, ते तू ठरव. जिल्ह्याच्या संघटनेकडे दे, आईला दाखव, मी कुणालाही नाही म्हणणार नाही. आईला मीच सांगावं असं तुला वाटत असेल तर मी पुढच्याच गाडीनं जातो.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. मुलींना ती गोष्ट पुन्हा सांगशील तेव्हा खरी सांग. चिठ्ठी कॅप्टननं बरोबर लिहिली होती, लिहून घेणाऱ्यानं चुकवली, आणि चूक दिसल्यावर तो खोटं बोलला, अशी सांग. माझ्या नावासकट सांग. आणि निकिताचा पत्ता पाठव. तिला वेगळं पत्र लिहायचं आहे. ती वाचेल की चुलीत घालेल तो तिचा प्रश्न, पण मला ते लिहायलाच हवं.

२९ तारखेचं निमंत्रण तू मला हे माहीत नसताना दिलं होतंस, म्हणून ते मी परत करतो आहे. शाल द्यायचीच असेल तर बजरंग सरांना बोलाव. ते अजून पाथर्डीतच आहेत आणि त्यांनाही हे कळायला हवं. हे सगळं वाचूनही मी यावं असं तुला वाटलं, तर येईन, पण व्यासपीठावर बसणार नाही. मुलींच्या समोर खाली बसेन आणि वर लिहिलंय तेवढंच तोंडानं सांगेन. तू काहीच कळवलं नाहीस तर मी समजून घेईन आणि पुन्हा चुकून फोन लागणार नाही.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग आपण दोघंही हे मिटलं असं धरून चालू. इतक्यात देऊ नकोस. एकदा तरी माझ्यावर चिडून बघ.

भिंतीवरचं ते वाक्य तुझ्या मुलींनी आपल्या हातानं रंगवलंय, ते माझ्यामुळं पुसू नका. त्यांना ते लागेल. माझा त्याच्यावरचा हक्क गेला. फक्त आज एकदा ते वापरतो, कारण एक नोंद राहून गेली आहे. पेन्सिल तेव्हा हातात होती, आता पेनानं लिहितो, म्हणजे खोडता यायची नाही.

दि. १३ सप्टेंबर २०१७. मुलींचा अंतिम सामना. सातवा डाव, दोन बाद. तिसऱ्या क्रमाला खेळाडू क्रमांक १, दिपाली पालवे. क्रम बरोबर. मधल्या आणि डावीकडच्या मुलींच्या मधून हिट. दोन रन. सामना ६–५ नी पाथर्डीच्या मुलींनी जिंकला.

पाहिले तसे लिहिले.

सहादेव,
तुझा मामा